माल्टा : बंदर आणि विहीर

माल्टा हा शब्द आपल्या देशात तीन वाटांनी आला. उत्तरेकडच्या फळबाजारात संत्र्याच्या एका जातीला माल्टा म्हणतात. गुरांच्या डॉक्टरांना 'माल्टा ताप' ठाऊक असतो. शेळीच्या कच्च्या दुधातून तो माणसाला होतो, हे १९०५ साली माल्टाच्याच एका डॉक्टरांनी, थेमिस्टोक्लीस झामित यांनी, शोधून काढले. तिसरी वाट तुरुंगाची. उर्दू वाचणाऱ्या घरांत 'असीर-ए-माल्टा', म्हणजे माल्टाचे कैदी, हे शब्द अदबीने उच्चारले जातात. पहिल्या महायुद्धात इंग्रज सरकारने देवबंदचे मौलाना महमूद हसन आणि त्यांच्या साथीदारांना अरबस्तानात पकडून १९१७ साली या बेटावर नेले आणि तीन वर्षे अडकवून ठेवले. माझ्या कानावर माल्टाचे नाव पहिल्यांदा पडले ते या कैद्यांमुळे.

पण आज मला त्या बेटाबद्दलच बोलायचे आहे. कारण तिथे एक अशी गोष्ट घडली आहे, की ती ऐकल्यावर माणूस क्षणभर थांबतो. माल्टाचे लोक शतकानुशतके कॅथलिक ख्रिस्ती आहेत आणि ते देवाला 'अल्ला' म्हणतात. चर्चमध्ये म्हणतात, आजारी मुलाच्या उशाशी बसून म्हणतात. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपासांना ते 'रंदान' म्हणतात. हा आपल्या रमजानचा सख्खा भाऊ. ईस्टरसाठी असलेला त्यांचा शब्द 'ईद' या शब्दातून आला आहे. हे कसे घडले, हे समजून घ्यायचे तर आधी तिथला दगड आणि तिथले पाणी समजून घ्यावे लागेल.

भूमध्य समुद्राच्या नकाशावर इटलीचा बूट शोधा. बुटाच्या टोकाशी सिसिली. सिसिलीच्या दक्षिणेला सुमारे ९० किलोमीटरवर जे ठिपके दिसतात, ते माल्टा. मुख्य बेट २४६ चौरस किलोमीटर, शेजारचे गोझो ६७, आणि दोघांच्या मधे कोमिनो नावाचे एक चिमुकले बेट. कोमिनोचे तिथले नाव केम्मूना, म्हणजे जिऱ्याचे बेट. अरबी भाषेत जिऱ्याला 'कम्मून' म्हणतात. सगळे मिळून ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या बृहन्मुंबईच्या साधारण निम्मे. लोकवस्ती २०२१ च्या जनगणनेप्रमाणे पाच लाख एकोणीस हजार.

या बेटावर डोंगर म्हणावा असा डोंगर नाही. सर्वांत उंच जागा २५३ मीटरची. बारमाही नदी एकही नाही. पाऊस येतो तो आपल्या उलट, हिवाळ्यात, आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. जमीन सगळी चुनखडीच्या दगडाची. पण या दगडाचे थर आहेत आणि माल्टाचा इतिहास त्या थरांत दडलेला आहे. सगळ्यांत वर पोवळ्यांच्या सांगाड्यांपासून बनलेली कठीण चुनखडी. तिच्याखाली निळसर चिकणमातीचा थर. मातीखाली मऊ, मधाच्या रंगाचा दगड, करवतीने कापता येईल इतका मऊ. तिथली घरे, देवळे, किल्ले सगळे याच दगडाचे. आणि तळाशी पुन्हा कठीण चुनखडी.

आता पाणी कुठे मिळेल ते बघा. पावसाचे पाणी वरच्या दगडातून झिरपते आणि निळ्या चिकणमातीवर येऊन अडते. ती माती पाण्याला खाली जाऊ देत नाही. मग ते डोंगरकडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. पण ही चिकणमाती बेटाच्या पश्चिमेला शिल्लक आहे. पूर्वेकडचे वरचे थर झिजून गेले आहेत. म्हणजे झरे पश्चिमेला. आणि बंदर? खोल, निवाऱ्याचे, मोठमोठी गलबते आत घेणारे बंदर पूर्वेच्या किनाऱ्यावर, जिथे गोड्या पाण्याची मारामार. पाणी एका बाजूला आणि बंदर दुसऱ्या बाजूला, मधे जेमतेम बारा किलोमीटर. माल्टाची सगळी गोष्ट या बारा किलोमीटरमध्ये मावते. बंदराने राजे आणले आणि विहिरीने माणसे राखली.

माणसे तिथे फार जुन्या काळी आली. सिसिलीहून होड्यांतून आलेल्या शेतकऱ्यांच्या वंशजांनी इसवी सनापूर्वी ३६०० च्या सुमारास गोझोवर प्रचंड शिळांची मंदिरे उभारली. इजिप्तचे पिरॅमिड त्यांच्यानंतरचे. मुख्य बेटावर जमिनीच्या पोटात खोदलेले तीन मजली दफनघर आहे. ते १९०२ साली सापडले, तेही पाण्यामुळेच. नव्या घरांसाठी मजूर पाण्याची टाकी खोदत होते आणि त्यांच्या पहारी खालच्या दालनाचे छत फोडून आत गेल्या. ती मंदिरे बांधणारी माणसे पुढे नाहीशी झाली. त्यांची भाषा कोणती होती, हे सांगणारे एक अक्षरही त्यांनी मागे ठेवले नाही.

त्यानंतर बंदर शोधत फिनिशियन व्यापारी आले, मग कार्थेज, मग इसवी सनापूर्वी २१८ मध्ये रोम. संत पॉल रोमकडे कैदी म्हणून चालले असताना त्यांचे गलबत माल्टाच्या किनाऱ्यावर फुटले, अशी बायबलमध्ये कथा आहे. त्या कथेत बेटावरच्या लोकांना 'बर्बर' असा शब्द वापरला आहे. तो शिवी नव्हे. ज्यांना ग्रीक बोलता येत नाही, ज्यांचे बोलणे आपल्याला 'बरबर' ऐकू येते, ते बर्बर. म्हणजे रोमचे राज्य येऊन अडीचशेहून अधिक वर्षे झाली तरी बेटावरचा साधा माणूस आपल्याच बोलीत बोलत होता. बंदरावरचा कारभार एका भाषेत आणि विहिरीवरचे बोलणे दुसऱ्या भाषेत, ही तिथली रीत इतकी जुनी आहे.

सन ८७० मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या अघलबी अरबांनी माल्टा जिंकले. एका अरबी लेखकाने लिहून ठेवले आहे, की या स्वारीनंतर बेट ओसाड पडले आणि पुढे १०४८-४९ च्या सुमारास मुसलमान वस्ती नव्याने तिथे आली. बेट अगदी निर्मनुष्य झाले होते का, यावर इतिहासकारांत वाद आहे. वाद नाही तो एवढ्यावर, की आजच्या माल्टी भाषेचे मूळ त्या काळी सिसिलीत आणि माल्टात बोलल्या जाणाऱ्या अरबीत आहे. जुन्या राजधानीचे नाव इम्दीना, म्हणजे मदिना, म्हणजे शहर. ती वसली पश्चिमेच्या टेकडीवर, झऱ्यांजवळ. विहिरीला शब्द 'बीर', झऱ्याला 'आयन'. गावोगावच्या नावांत हे शब्द आजही आहेत.

मग १०९१ मध्ये सिसिलीचे नॉर्मन ख्रिस्ती राजे आले. राज्य बदलले, पण माणसे लगेच बदलली नाहीत. गोझोच्या संग्रहालयात संगमरवराची एक समाधीशिळा आहे. मैमूना नावाच्या मुलीची. तिच्यावर कूफी अक्षरांत हिजरी ५६९ चे साल आहे, म्हणजे इसवी सन ११७४. ख्रिस्ती राज्य येऊन ऐंशीहून अधिक वर्षे झाली होती आणि कोणीतरी आपल्या लेकीसाठी अरबी अक्षरे कोरून घेत होते. दगड मात्र त्याहून जुना. पाठीमागे रोमन काळातले नक्षीकाम आहे. एका दगडाच्या पुढे एक संस्कृती आणि मागे दुसरी. माल्टा बघायला ज्यांना जाता येणार नाही, त्यांनी एवढी एक शिळा मनात ठेवली तरी पुरे.

तेराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक दुसरा याच्या अमलाखाली इस्लाम माल्टातून संपला. काहींना बेट सोडावे लागले. जे राहिले ते ख्रिस्ती झाले. पण घरात, शेतात, विहिरीवर ते बोलत राहिले तेच, जे त्यांचे आजे-पणजे बोलत होते. धर्मांतर झाले, भाषांतर झाले नाही. 'अल्ला' हा शब्द त्यांच्यासाठी कुठल्या एका धर्माचा नव्हताच. तो आईच्या तोंडून ऐकलेला, देवासाठी असलेला साधा शब्द होता. नवा धर्म आला तेव्हा त्यांनी त्याच शब्दात नवी प्रार्थना भरली, जसे एका घड्यातले पाणी ओतून आपण त्याच घड्यात दुसऱ्या विहिरीचे भरतो. प्रभू येशूला ते 'मुलेय' म्हणतात, त्यात आपला 'मौला' आहे. मेरीमातेला अभिवादन करतात ते 'स्लीम' या शब्दाने. तो आपला सलाम.

पुढे १५३० मध्ये आले सेंट जॉनचे सरदार. तुर्कांनी ऱ्होड्स बेटावरून हाकललेल्या या धर्मयोद्ध्यांना सम्राट पाचव्या चार्ल्सने माल्टा दिले, वर्षाला एक ससाणा एवढ्या खंडावर. त्यांना विहीर नको होती, बंदर हवे होते. ते बंदराशीच राहिले. १५६५ च्या मे महिन्यात सुमारे तीस हजारांची तुर्की फौज चालून आली आणि सप्टेंबरात हार खाऊन परत गेली. दुसऱ्याच वर्षी, १५६६ मध्ये, विजयी सरदारप्रमुख ला व्हालेत याने बंदरावरच्या कोरड्या खडकावर नवे शहर वसवायला घेतले. तेच आजचे व्हालेत्ता. तिथे पाणी नव्हते, म्हणून प्रत्येक घराखाली पावसाचे पाणी साठवणारे टाके असलेच पाहिजे असा नियम झाला. आपल्या गडकिल्ल्यांवर कातळात खोदलेली टाकी असतात, त्याच जातीची. तरीही भागेना. अखेर १६१५ मध्ये पश्चिमेच्या झऱ्यांचे पाणी कमानींवरून सुमारे सोळा किलोमीटर वाहून बंदरात आणले गेले. शेवटी बंदरालाच विहिरीकडे हात पसरावा लागला.

या सरदारांचे आठ गट होते. युरोपातल्या ज्या भागातून सरदार आला, त्याप्रमाणे त्याचा गट. गटाला त्यांचा शब्द होता 'जीभ', म्हणजे भाषा. प्रोव्हान्सची जीभ, इटलीची जीभ, जर्मनीची जीभ, अशा आठ. ज्या बेटावर हे सगळे चालले होते, त्या बेटाची जीभ त्या आठांत नव्हती. लिहिणे-वाचणे, कोर्टकचेरी इटालियनमध्ये, पूजाविधी लॅटिनमध्ये, माल्टी होती ती गडीमाणसांची आणि स्वयंपाकघराची. आजही त्या भाषेत ही फाळणी दिसते. भाकरीला शब्द 'होब्स', नांगराला 'मोह्रीत', हे अरबी वळणाचे. सरकारला 'ग्वेर्न', वकिलाला 'अवुकात', शाळेला 'स्कोला', हे इटलीकडचे. माल्टी कोशातले जवळजवळ निम्मे शब्द आज सिसिलीचे आणि इटलीचे आहेत. पण वाक्याचा सांगाडा आणि रोजच्या जगण्याचे शब्द अरबीच राहिले.

इथे एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. भाषा एक असली म्हणजे माणसे एक होतात, असे नाही. या सरदारांची आणि त्यांच्या आश्रयाने माल्टी खलाशांची गलबते मुसलमानी जहाजे लुटत आणि माणसे पकडून गुलाम म्हणून विकत. पलीकडच्या किनाऱ्यावरचे मुसलमान चाचे तेच ख्रिश्चनांचे करीत. १५५१ मध्ये त्यांनी गोझो बेटावरची जवळजवळ सगळी वस्ती धरून नेली होती. व्हालेत्ताच्या बंदरात वल्ह्याशी साखळदंडाने बांधलेला ट्युनिसचा कैदी भाकरीसाठी जो शब्द वापरीत असेल, तोच शब्द त्याच्या माल्टी पहारेकऱ्याचाही होता. शब्द एकच, आणि मधे साखळी. १७९८ मध्ये नेपोलियनने माल्टा घेतले तेव्हा तिथली गुलामी कायद्याने संपली. दोन वर्षांनी इंग्रज आले आणि दीडशेहून अधिक वर्षे राहिले.

माल्टी भाषेतली सर्वांत जुनी कविता पंधराव्या शतकातली आहे. पीतर काशारो नावाच्या गृहस्थाने ती लिहिली आणि ती सापडली १९६६ मध्ये, जुन्या दस्तऐवजांच्या एका वहीत. अवघ्या वीस ओळी. विषय काय, तर कोसळलेले घर. पाया घालायला गेलो, कातळ लागेल असे वाटले होते, पण खाली भुसभुशीत माती लागली, असे दुःख कवी मांडतो. ज्याला त्या बेटाचे थर माहीत आहेत त्याला या प्रतिमेचे वजन कळेल. कवीने ती कुठल्या परक्या काव्यपरंपरेतून उसनी आणली नाही. स्वतःच्या पायाखालची माती त्याने कवितेत घेतली, आणि तीही दरबारात किंमत नसलेल्या बोलीत.

त्या बोलीला मान मिळवून द्यायला पुढे चारशे वर्षे लागली. मिकिएल अंतोन वास्साल्ली या विद्वानाने अठराव्या शतकाच्या अखेरीस माल्टीचे व्याकरण आणि कोश रचला. राजकारणात पडल्यामुळे तुरुंग भोगला, देशाबाहेर राहिला, आणि परतल्यावर १८२५ मध्ये माल्टी भाषेचा पहिला प्राध्यापक झाला. त्याने शुभवर्तमानांचे माल्टीत भाषांतर केले. १८२९ मध्ये तो वारला तेव्हा कॅथलिक चर्चने त्याला आपल्या दफनभूमीत जागा दिली नाही. प्रॉटेस्टंटांच्या दफनभूमीत त्याला पुरावे लागले. दुन कार्म हे तर स्वतः कॅथलिक धर्मगुरू. चाळिशी उलटेपर्यंत त्यांनी इटालियनमध्ये कविता लिहिली, नाव कमावले, आणि १९१२ मध्ये पहिली माल्टी कविता लिहिली. आज ते माल्टाचे राष्ट्रकवी मानले जातात आणि राष्ट्रगीत त्यांचेच आहे. कमावलेली भाषा बाजूला ठेवून घरच्या भाषेत पुन्हा पहिले पाऊल टाकायला काय लागते, हे कविता लिहिणाऱ्यालाच विचारा.

तरी एक अवघडलेपण उरलेच. आपली भाषा अरबीतून आली, हे मान्य करणे अनेकांना जड जात होते. ती फिनिशियनांकडून आली असावी, असे वास्साल्लीसकट कित्येक विद्वान मानत. पुढे कित्येकांना हे मत फार सोयीचे वाटले, कारण त्यात अरबांचा आणि इस्लामचा संबंध येत नाही. भाषाशास्त्राने ते मत टिकू दिले नाही. आणि गंमत अशी, की मूळ मान्य केल्यामुळे कोणाचे काही बिघडले नाही. १९३४ मध्ये माल्टीला राजभाषेचा दर्जा मिळाला, १९६४ मध्ये देश स्वतंत्र झाला, आणि २००४ मध्ये युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांत रोमन अक्षरांत लिहिली जाणारी ही अरबीची लेक मानाने जाऊन बसली. चर्च भरलेली राहिली, घंटा वाजत राहिल्या.

आपला आणि माल्टाचा संबंध बंदरामुळेच आला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि मुंबई-लंडन वाटेवर माल्टा हा मुक्काम झाला. १८७८ मध्ये रशियाला धाक दाखवायला इंग्रजांनी सुमारे सात हजार हिंदी सैनिक समुद्रमार्गे माल्टात नेले. त्यांत मुंबई लष्कराच्या पलटणीही होत्या. सिंधमधल्या हैदराबादच्या व्यापाऱ्यांनी तिथे रेशमाची दुकाने थाटली. आणि मग आले ते कैदी. मौलाना महमूद हसन यांचे एक सोबती, हकीम नुसरत हुसेन, तिथेच वारले. मौलाना जून १९२० मध्ये मुंबई बंदरात उतरले आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरात, आजारी असतानाही, जामिया मिल्लियाचा पाया घालायला गेले. मला नेहमी वाटते, की तुरुंगाच्या भिंतीपलीकडून एखादी माल्टी बाई 'अल्ला' म्हणून सुस्कारा टाकताना त्यांनी ऐकली असेल का? ऐकली असेल, तर त्या अरबी जाणणाऱ्या कैद्यांना काय वाटले असेल?

हे सगळे मी इतक्या आस्थेने का सांगतो, असे कोणी विचारील. मी मराठीत कविता लिहितो. आमच्या कोकणातल्या मुसलमान घरांत जी बोली बोलतात तिचा सांगाडा मराठीचा आहे आणि अंगावरचे काही दागिने अरबी-फारसीचे. माल्टाच्या नेमके उलट, आणि म्हणून नेमके तसेच. पण गेल्या तीस-पस्तीस वर्षांत असा एकही कवितावाचनाचा कार्यक्रम मला आठवत नाही, की ज्यानंतर कोणीतरी प्रेमाने जवळ येऊन म्हणाले नाही, "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान!" आणि घरच्या वडीलधाऱ्यांपैकी कोणी ना कोणी विचारीत, "बाळा, उर्दूत का लिहीत नाहीस?" दोघांच्याही मनात वाईट काही नसते. दोघांचीही समजूत एकच असते, की धर्म आणि भाषा यांची जोडी वरून ठरून आलेली आहे. माझ्या एका नातलगाच्या मुलीच्या शाळेच्या अर्जावर तर कारकुनाने नाव वाचूनच मातृभाषेच्या रकान्यात 'उर्दू' लिहून टाकले. मुलगी घरी येऊन तिच्या बोलीत म्हणाली, की मला तर ती येतच नाही.

त्या मुलीला सांगावे असे उत्तर माल्टाकडे आहे. भाषा देवाच्या नावाने ठरत नाही, ज्या विहिरीचे पाणी प्यालो तिच्यावरून ठरते. अरबीतला 'हिसाब' आपल्या मराठीत येऊन हिशेब झाला, वाण्याच्या वहीत बसला. तोच शब्द माल्टात 'ह्सीब' झाला आणि तिथे त्याचा अर्थ आहे विचार. एकाच शब्दाने एका किनाऱ्यावर पैसे मोजले जातात आणि दुसऱ्या किनाऱ्यावर विचार केला जातो. शब्द कोणाच्या मालकीचा?

आज माल्टाच्या बंदरात नवे वारे आहे. इंग्रजी तिथली दुसरी राजभाषा आहे, शहरातली पुष्कळ मुले घरीही इंग्रजीच बोलतात, आणि कामासाठी आलेल्या परदेशी लोकांत आपल्या भारतीयांची संख्याही मोठी आहे. पिण्याचे अर्ध्याहून अधिक पाणी आता समुद्राचे खारेपण काढून मिळते. म्हणजे पाणीही बंदराकडूनच येऊ लागले. माल्टीचे पुढे काय होणार, याची काळजी तिथले लेखक करतात, जशी आपण मराठीची करतो. मला त्यांच्याइतकी भीती वाटत नाही. आठ जिभांच्या सरदारांना पुरून उरलेली ती भाषा आहे. मात्र ती उरली ते कोणी तिचे रक्षण केले म्हणून नव्हे. विहिरीवर आलेल्या बाईने आपल्या लेकराला तिच्यातच हाक मारली, म्हणून ती उरली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)